बिनदाराच्या गावाशेजारची भिंत

शनिशिंगणापुरात घरांना दारं नाहीत, हे ऐकून परगावचा माणूस आधी चकित होतो आणि मग चौथऱ्यापाशी काढलेल्या आपल्या नव्या चपलांकडे वळून वळून पाहू लागतो. चौकट असते, पण तिला कडी नाही, कुलूप नाही. रात्री कुत्रं शिरू नये म्हणून फार तर एखादी फळी टेकवायची. साडेपाच फुटी शिळेच्या रूपातला देवच जिथे छपराशिवाय उघड्यावर उभा आहे, तिथे भक्तांनी कसली दारं बसवायची? जानेवारी २०११ मध्ये युको बँकेने इथे शाखा काढली, तीसुद्धा बिनकुलपाची म्हणून गाजली. दार होतं, पण काचेचं. देवाचाही मान राहिला आणि ठेवीदारांचाही जीव भांड्यात पडला.

अशा गावाच्या शेजारी, नेवासे तालुक्यातच, आमची पतसंस्था. तिथे फायरवॉल बसवायचं ठरलं, तेव्हा मूळचे शिंगणापूरचे असलेले आमचे शिपाईमामा अस्वस्थ झाले. नगरहून आलेल्या तरुण इंजिनिअरला त्यांनी सरळच विचारलं, "काय रे बाळा, महाराजांना चालेल का हे?"

"मामा, ही भिंत घराला नाही. इंटरनेटला आहे."

"मग बांध," मामा म्हणाले. "तिकडच्या चोरांना साडेसाती ठाऊक नसते."

मामांचं म्हणणं पुढे खरंच ठरलं. २०२५ साली देवस्थानाच्याच नावाने बनावट ॲप काढून, ऑनलाइन पूजेच्या मिषाने भाविकांचे पैसे उकळल्याचं प्रकरण विधानसभेपर्यंत गेलं. ज्याच्या धाकाने अख्खं गाव कडी लावत नाही, त्याच्याच नावाने लुबाडायला ही मंडळी कचरली नाहीत. मग आमच्या पतसंस्थेची काय कथा! आमच्याकडे उसाच्या बिलातून शिल्लक टाकलेले पैसे. कुणाच्या मुलीचं लग्न, कुणाची विहीर. भिंत हवीच होती.

अडचण वेगळीच होती. भिंतीला माणूस ओळखता येत नाही. तिला फक्त मशीनचा नंबर कळतो. रोखपालाने बँकेची साइट उघडावी, कर्जविभागाने कर्जाची, आणि क्रिकेटचा स्कोअर कुणीच पाहू नये, असा साहेबांचा हुकूम. पण आमच्या कचेरीत माणसं खुर्च्या अशा बदलतात, की संगीत खुर्चीतल्या मुलांनी शिकवणी लावावी. नंबरावरून माणूस कसा ओळखायचा? एक उपाय म्हणजे भिंतीपाशीही प्रत्येकाला पुन्हा पासवर्ड विचारायचा. पहिलाच पासवर्ड ज्यांनी कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलाय, त्यांना दुसरा कुठून आठवणार? दुसरा उपाय म्हणजे प्रत्येक मशीनवर एकेक पहारेकरी प्रोग्राम बसवायचा. म्हणजे चोर एक आणि रामोशी अकरा.

इंजिनिअरने तिसराच मार्ग काढला. "काका," तो मला म्हणाला, "सकाळी मशीन सुरू करताना तुम्ही नाव आणि पासवर्ड देता ना? तो मुख्य सर्व्हर तपासतो. त्याच्याकडे सगळ्यांची यादी असते, तिला डिरेक्टरी म्हणतात. तपासलं की तो वहीत नोंद करतो : अमुक नाव, अमुक नंबर, अमुक वेळ. विंडोजच्या वहीत या नोंदीचा क्रमांक ४६२४. भिंत दर काही सेकंदांनी ती वही वाचणार आणि नावाशी नंबर जुळवून ठेवणार. कुणाच्या मशीनवर काही बसवायचं नाही, कुणाला दोनदा विचारायचं नाही."

"म्हणजे हजेरीपुस्तक," मी म्हणालो. मी हिशेबनीस, मला सगळीकडे पुस्तकंच दिसतात.

"छे! म्हणजे पारावरची म्हातारी माणसं," मामा म्हणाले. "ती काय प्रत्येकाच्या घरात जाऊन बसतात होय? पण कोण आलं, कुणाकडे उतरलं, सगळं ठाऊक."

मला वाटतं, बिनदाराच्या गावाचं निम्मं गुपित मामांनी तिथेच सांगून टाकलं. धाक देवाचा, पण नजर पाराची.

पुढे साहेबांनी एक सूचना केली. वही वाचायला भिंतीलाही त्या यादीत एक नाव लागतं. "देऊन टाक तिला सर्वाधिकार. कटकट नको." पोरगा मात्र अडून बसला. "साहेब, तिला वाचण्यापुरतेच अधिकार द्यायचे. त्यासाठी 'इव्हेंट लॉग रीडर्स' नावाचा गटच असतो. सर्वाधिकाराचा पासवर्ड चोराच्या हाती लागला, तर तो वही वाचत बसणार नाही. लिहायला घेईल." लेखापरीक्षणाची आठवण होऊन साहेबांनी मुकाट्याने सही केली.

एक गोम राहिलीच. माणूस आला की वहीत नोंद होते. उठून गेला की होईलच असा भरवसा नाही. म्हणून भिंत ओळख काही वेळच धरून ठेवते. एका नामांकित कंपनीच्या फायरवॉलमध्ये ती मुदत आपण न बदलल्यास ४५ मिनिटं असते. आमच्या कर्जविभागाचे भाऊसाहेब चहाला गेले, की तेवढ्यात तिसरा कप सुरू होतो. मधल्या वेळात मामा एकादशी पाहायला त्यांच्या मशीनवर बसले, तर भिंतीच्या लेखी मामाच कर्जअधिकारी! शेवटी पोराने पाच मिनिटं हात लागला नाही की पडदा बंद होईल, अशी सोय केली. भाऊसाहेबांनी आठवडाभर कुणाशी अबोला धरला होता, ते आम्हाला मागाहून कळलं. मशीनशी.

सगळ्यात जास्त वेळ यादी साफ करण्यात गेला. यादीत नोकरी सोडून गेलेले तिघे होते. एक जण तर जग सोडून गेलेले. तरीही वहीच्या लेखी सगळे कामावर हजर. कुणी त्यांच्या नावाने आत शिरलं असतं, तर भिंतीने रामराम घालून वाट दिली असती. गावात माणूस गेला तर सांगावं लागत नाही. यादीला सांगावं लागतं.

मी निवृत्त झालो, त्या संध्याकाळी साडेपाचला माझंही नाव नियमाप्रमाणे बंद झालं. पुढच्या आठवड्यात कागदासाठी गेलो आणि सवयीने जुन्या मशीनवर नाव टाइप केलं. सर्व्हरने ओळख दाखवली नाही. योग्यच केलं त्याने. मीच तर त्या नियमाखाली सही केली होती.

मामांनी मात्र न विचारता चहा आणला. बिनसाखरेचा.