धान, तांदूळ आणि ‘ट्रेगर’

जर्मनमधून इंग्रजीत जाणाऱ्या हायड्रोजनच्या कागदांवर पहिला हात आता यंत्राचा पडतो. आम्हा भाषांतरकारांच्या वाट्याला उरते ती तपासणी. हे बरं की वाईट, हा वाद मी इथे घालत नाही. दर उतरले आणि डोळ्यांचा ताण वाढला, एवढं नोंदवून पुढे जाते. पण या बदलामुळे एक जुनं दुखणं उघडं पडलं. यंत्र मोठमोठ्या शब्दांना चुकत नाही. हायड्रोजनमुळे पाइपाचं पोलाद ठिसूळ होतं, त्या प्रकाराचं हातभर लांबीचं जर्मन नावही ते बिनचूक उतरवतं. ‘एनर्गीट्रेगर’ या साध्या, रोजच्या शब्दावर मात्र त्याने अडायला हवं, आणि ते अडत नाही. मोकळं सोडलं तर वाक्याच्या लयीप्रमाणे कधी ‘कॅरियर’, कधी ‘सोर्स’, कधी ‘फ्युएल’ लिहून जातं. गिऱ्हाइकाचा परिभाषाकोश जोडून दिला तर डोळे मिटून सगळीकडे ‘कॅरियर’. या दोन्ही रीती चुकीच्या आहेत, आणि शिस्तीची दिसणारी दुसरी रीत जास्त घातक आहे, असं माझं म्हणणं आहे.

‘ट्रेगर’ म्हणजे वाहणारा, पेलणारा. जर्मन माणूस पँटच्या खांदेपट्ट्यांना ट्रेगर म्हणतो, छताच्या तुळईला ट्रेगर म्हणतो, रुग्णालय चालवणाऱ्या संस्थेला ट्रेगर म्हणतो, आणि बैठकीत प्रत्येक ठरावावर शंका काढणाऱ्या माणसाला ‘शंकांचा ट्रेगर’ म्हणतो. आपल्याकडे डोक्यावर मोळी असते, खांद्यावर कावड, कडेवर मूल. तुळई भार पेलते आणि संस्था कारभार पाहते. जर्मनने हे सगळं एका क्रियापदावर भागवलं. ऊर्जेच्या व्यवहारातही तसंच. कोळसा, तेल, वायू हे ट्रेगर. सूर्य आणि वारा हेही ट्रेगर. वीज ट्रेगर आणि हायड्रोजनही ट्रेगर. गरज पडली की जर्मन लेखक आधी ‘प्राथमिक’ किंवा ‘दुय्यम’ असं जोडतो, पण दोन परिच्छेदांनंतर ते विशेषण गळतं, कारण वाचणारा ते मनातल्या मनात जोडून घेतो. इंग्रजी वाचकाला ही सवय नाही. त्याच्या भाषेत कोळसा ‘फ्युएल’ असतो, वारा ‘सोर्स’ असतो आणि हायड्रोजन ‘कॅरियर’. तीन घरांत राहणाऱ्यांना एका दारावरची पाटी लावली, तर टपाल भलत्याच घरी पडणार.

ब्रह्मपुरीसारख्या धानाच्या मुलखात बसून हे काम करणाऱ्याला याचं उलटं उदाहरण शोधायला लांब जावं लागत नाही. बांधीत उभं असतं ते धान, राइस मिलमधून पोत्यात येतो तो तांदूळ, ताटात पडतो तो भात. इंग्रजीला तिन्हींसाठी ‘राइस’ पुरतो. इंग्रजी कागदाचं मराठी करताना कोणी एकसूत्रीपणाचा आग्रह धरून ‘शेतकऱ्यांनी भात कापला, भात भरडला आणि भात खाल्ला’ असं लिहिलं, तर इथला शेतकरी हसेल आणि मिलवाला रागावेल. वर्तमानपत्रं तांदळाचं पीक उभं करतात आणि कोकणात शेतातल्या पिकालाही भात म्हणतात, हे मला ठाऊक आहे. पण खरेदी केंद्राच्या काट्यावर ती सैल भाषा चालत नाही. कारण तिथे धान आणि तांदूळ यांच्यामध्ये एक आकडा उभा असतो: सरकारी भरडाईत एक क्विंटल धानामागे ६७ किलो तांदूळ द्यावा लागतो. बाकी कोंडा, तूस, कनकी. शब्द बदलतो तिथे तूट येते, आणि ती तूट कोणाच्या तरी खिशातून जाते.

हायड्रोजन हा ऊर्जेच्या हिशेबातला तांदूळ आहे. एक किलो हायड्रोजन करायला इलेक्ट्रोलायझर साधारण ५० ते ५५ युनिट वीज खातो, आणि त्या किलोभरात ३३.३ युनिट ऊर्जा उरते. ५२ युनिटचं यंत्र धरलं तर उतारा ६४ टक्के, म्हणजे भरडाईच्या दंडकाच्या अगदी शेजारी. (हाही आकडा ‘हाइत्सव्हेर्ट’ने मोजला तर. ‘ब्रेनव्हेर्ट’ने मोजला, म्हणजे तयार झालेल्या वाफेची उष्णताही जमेला धरली, तर किलोला ३९.४ युनिट होतात आणि तेच यंत्र ७६ टक्क्यांचं दिसू लागतं. या दोन शब्दांना सरसकट ‘हीटिंग व्हॅल्यू’ लिहिणारे भाषांतरकार आहेत. त्यांच्याबद्दल न लिहिलेलंच बरं.) आता हायड्रोजनला ‘सोर्स’ लिहिलं की काय होतं ते पाहा. केंद्र सरकारच्या जानेवारी २०२३ मधल्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनचं लक्ष्य २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचं आहे, आणि त्यासाठी सुमारे १२५ गिगावॅट नवी अक्षय ऊर्जा उभारावी लागेल, असं मिशनच्याच कागदात आहे. स्रोताला दुसरा स्रोत लागत नाही. ज्याने ‘सोर्स’ वाचलं त्याच्या डोक्यात हे १२५ गिगावॅट येतच नाहीत, किंवा ती वीजही मोजली जाते आणि तिच्यापासून झालेला हायड्रोजनही मोजला जातो: धानही आपलं आणि त्याच धानाचा तांदूळही आपला. ऑक्टोबर २०२४ मध्ये भारत आणि जर्मनीने हरित हायड्रोजनचा आराखडा जाहीर केला, तेव्हापासून दोन्हीकडच्या कचेऱ्यांमध्ये इंग्रजी हाच पूल आहे. पुलावरच ही गडबड झाली तर दोन्ही काठांना कळत नाही.

यावर पहिला आक्षेप वकिलांचा. एका मूळ शब्दाला दोन प्रतिशब्द दिले की करार वाचणारा दोन वस्तू आहेत असं समजतो. म्हणून एक शब्द, एक प्रतिशब्द. आक्षेप खोटा नाही, पण त्याने नियम अर्धाच उचलला आहे. परिभाषाशास्त्राचा पाया ज्याने घातला तो ऑयगेन व्यूस्टर ऑस्ट्रियाचा इंजिनिअर होता, करवतींचा कारखाना चालवत होता, आणि १९३१ च्या त्याच्या प्रबंधापासून चालत आलेला दंडक असा की आधी संकल्पना ठरवा, मग शब्द. एकसूत्रीपणा संकल्पनेशी पाळायचा असतो. तीन संकल्पनांवर एक शब्द बसवणाऱ्या जर्मनलाच व्यूस्टरने आधी दटावलं असतं. आपल्याकडे हा हट्ट नागपुरात, अगदी जवळ, एकदा पुरा करून पाहिला गेला. डॉ. रघुवीरांनी प्रत्येक परक्या उपसर्गाला एक ठरलेला संस्कृत उपसर्ग नेमून हजारो शब्द पाडले. ऑक्सिजन झाला जारक, कार्बन झाला प्रांगार. विद्वत्ता अफाट, रचना काटेकोर, आणि माणसांनी त्यातलं फार थोडं उचललं. आजचे परिभाषाकोश त्या कोशांना हसतात, पण त्यांच्याकडे रघुवीरांचा हट्ट तेवढा आहे, संस्कृत नाही.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे, आणि तो भौतिकशास्त्राचा आहे. कोळसा तरी कुठे स्रोत आहे? वर्धा खोऱ्यातला कोळसा म्हणजे गोंडवन काळात, २५-३० कोटी वर्षांपूर्वी, झाडांनी साठवलेलं ऊन. तोही वाहकच. मग जर्मन शब्द सैल कसा? तो इंग्रजीपेक्षा प्रामाणिक ठरतो, आणि आयएसओ १३६०० या मानकातली ‘कॅरियर’ची व्याख्याही कोळशाला सामावून घेण्याइतकी रुंद आहे. हे सगळं मला मान्य आहे. तरीही चंद्रपूरच्या २,९२० मेगावॅटच्या औष्णिक केंद्रात जळणारा कोळसा आणि उद्या कुठल्या तरी टाकीत भरला जाणारा हायड्रोजन यांत एक फरक उरतो, आणि तो खतावणीतला आहे. कोळशातल्या उन्हाचं बिल कोणी भरलेलं नाही. खोदाईचं भरतो, आणि धुराचं चंद्रपूरच्या छातीत भरलं जातं. हायड्रोजनमधल्या उन्हाचं बिल आजच्या मीटरवर, आजच्या दराने येतं. ऊर्जेचे कागद भौतिकशास्त्राच्या वर्गासाठी लिहिलेले नसतात. पैसे कुठून येणार आणि वीज कुठून येणार हे ठरवणाऱ्यासाठी असतात. आंतरराष्ट्रीय आकडेवारीवाल्यांनीही याच अडचणीतून वाट काढताना ‘एनर्जी प्रॉडक्ट’ असा तिसराच, तटस्थ शब्द घेतला. तक्त्याच्या मथळ्यात मीही तोच घेते. वाक्यात तो मेलेल्या माशासारखा पडून राहतो.

गुंता इथे संपत असता तर हा लेख लिहिला नसता. हायड्रोजन स्वतः वाहक, पण तो बोटीत सहज बसत नाही म्हणून त्याला वाहायला आणखी एक वाहक लागतो: ‘वासरश्टोफट्रेगर’. यात वजनाने १७.६ टक्के हायड्रोजन असलेला अमोनिया येतो, आणि जेमतेम ६.२ टक्के वाहणारं डायबेन्झाइलटोल्युइन हे तेलही येतं. तेल ओझं उतरवून परत जातं, पुन्हा भरून घ्यायला. ती कावड आहे. अमोनियातला नायट्रोजन परत जात नाही, हवेत सोडून दिला जातो. ती मोळीची दोरी झाली, पोचल्यावर फेकलेली. जर्मनमध्ये दोघेही ट्रेगर, इंग्रजीत दोघेही ‘कॅरियर’, आणि बोट रिकामी परतणार की भरलेली, हा सगळा भाड्याचा प्रश्न त्या एका शब्दाखाली गाडला जातो. अमोनियाला ‘डेरिव्हेटिव्ह’ म्हणण्याचीही चाल आहे. शेअर बाजारवाल्यांनी तो शब्द वाचताना काय समजावं? पोलादात आणखी वेगळी तऱ्हा. घुग्घुसला कोळशावर स्पंज आयर्न करतात तेव्हा कोळसा भट्टीला ताप देतो आणि खनिजातला ऑक्सिजनही काढून नेतो. सुरजागडचं खनिज उद्या हायड्रोजनवर घ्यायचं ठरलं तर हायड्रोजनचं मुख्य काम दुसरं, ऑक्सिजन काढून पाणी करण्याचं. तिथे तो ऊर्जेचा वाहक नसून खनिजातल्या ऑक्सिजनचा सोबती बदलणारा आहे. जर्मन अहवाल मात्र तीच ओळख चिकटवून पुढे जातात: ‘हायड्रोजन हा ट्रेगर’.

तिसरा आक्षेप कोणी घेत नाही, म्हणून मीच घेते. या सगळ्या काटेकोरपणाच्या तळाशी किती प्रमाणात वाचकाची काळजी आहे आणि किती प्रमाणात माझी हौस? प्रामाणिक उत्तर माझ्या बाजूचं नाही. यंत्राने ‘कॅरियर’ लिहावं आणि मी ते खोडावं, यात एक गोडी आहे जी अचूकपणाची नाही. दहा ठिकाणी खोडलं तर त्यातल्या तीन ठिकाणी कोणाचंही नुकसान झालं नसतं. बर्लिन-व्हिएन्नाच्या सहव्यवसायींपुढे, ज्यांच्या आईच्या दुधात ट्रेगर आहे त्यांच्यापुढे, वैनगंगेकाठच्या माणसालाही हा शब्द त्यांच्याहून जास्त छळतो हे दाखवायचा मोह मला आवरत नाही. आणि त्यांच्यातले बरेच जण आता यंत्राचा मसुदा पाहतसुद्धा नाहीत, असं म्हणताना मला जे समाधान वाटतं ते फारसं शोभणारं नाही. तरीही हौस आणि हिशेब एकाच दिशेला बोट दाखवत असतील, तर हौस आहे म्हणून हिशेब चुकीचा ठरत नाही.

हिशेबाला खिंडार पडतं ते मालीत. त्या देशातल्या बुराकेबुगू या गावी १९८७ मध्ये पाण्यासाठी विंधनविहीर घेतली आणि जमिनीतून जवळजवळ शुद्ध हायड्रोजन निघाला. २०१२ पासून त्यावर गावाला वीज मिळाली. कोणी वीज खर्चून तो केलेला नव्हता. भरडाईशिवाय थेट जमिनीतून तांदूळ निघावा, तसं हे. तेव्हापासून नैसर्गिक हायड्रोजनावरचे जर्मन अहवाल वाढताहेत, आणि त्यांत हायड्रोजन खरोखरच प्राथमिक ट्रेगर असतो. तिथे ‘सोर्स’ हाच बरोबर शब्द आहे, आणि मी तोच लिहिते. पण परिभाषाकोशात हायड्रोजनच्या नावापुढे ‘सोर्स’ निषिद्ध अशी नोंद आहे, म्हणून यंत्र त्यावर लाल रेघ ओढतं. ती नोंद मीच केलेली आहे.