आधी विंचू खरा हवा

संत एकनाथांचं विंचवाचं भारूड मी पुस्तकात वाचण्याआधी कितीतरी वेळा पाहिलं होतं. पाहिलं म्हणायचं, कारण भारूड नुसतं ऐकायचं नसतंच. आमच्या गावाहून पैठण फार लांब नाही. हरिनाम सप्ताहात एका रात्री सोंगी भारूड व्हायचं. लुगडं नेसलेला, मिशी तशीच ठेवलेला बाप्या एक पाय धरून उड्या मारत मंडपात यायचा, कळवळायचा, आणि बायामाणसं हसून हसून बेजार व्हायची. मग तो डसणाऱ्या विंचवाचं नाव सांगायचा: काम आणि क्रोध. हसणं तिथं जरा थबकायचं. अर्थ कुणी विचारत नसे, कुणी समजावून देत नसे.

विंचू तिथल्या प्रत्येकाच्या ओळखीचा होता. पहिला पाऊस पडून जमीन वाफाळली की दगडांखालून, गोवऱ्यांच्या ढिगातून ते बाहेर येत. शेजारच्या काकींना पहाटे चुलीसाठी गोवरी काढताना विंचू डसला, तेव्हा मी त्यांच्या उंबऱ्यात उभा होतो. कुणी दंडाला सुतळी आवळली, कुणी कांदा चोळला, कुणी उतारा देणाऱ्याला बोलवायला धावलं. काकी ओरडत नव्हत्या. कपाळ घामानं डवरलं होतं, चोळी पाठीला चिकटली होती, आणि हात मात्र गार पडला होता.

शाळेत तेच भारूड पुन्हा भेटलं, तेव्हा फळ्यावर तक्ता आखला गेला. डाव्या बाजूला विंचू, उजव्या बाजूला विकार. डावीकडे अंगारा, उजवीकडे सत्त्वगुण. आम्ही तो वहीत उतरवून घेतला आणि परीक्षेत लिहिला. कविता शिकवण्याची यापेक्षा घातक रीत मला माहीत नाही. उजवी बाजू हातात आली की डावी पुसून टाकायची, असंच मुलाच्या मनात बसतं. विंचू म्हणजे फक्त वेष्टण, आतला माल निराळा. मग पुढे आयुष्यभर माणूस कविता दिसली की वेष्टण फाडायला बसतो.

कॉलेजात औरंगाबादला आलो तर तिथं दोन तट पडलेले. एकीकडे ग्रेस आणि जी. ए. कुलकर्णींना मानणारे, दुसरीकडे नारायण सुर्व्यांना. सुर्व्यांचं 'माझे विद्यापीठ' १९६६चं, ग्रेस यांच्या 'संध्याकाळच्या कविता' १९६७च्या. एका वर्षाच्या अंतरानं आलेल्या या दोन संग्रहांवरून होस्टेलच्या खोलीत रात्र रात्र वाद चालायचे. प्रतीक म्हणजे दुर्बोध आणि सरळ भाषा म्हणजे सोपी, हे दोन्ही बाजू गृहीतच धरून चालायच्या. मला ते पटत नसे. माझ्या गावातल्या निरक्षर बायकांना प्रतीक कळत होतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. आणि खाडिलकरांच्या 'कीचकवधा'तला कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, हे १९०७च्या प्रेक्षकाला समजावून सांगावं लागलं नाही. सरकारलाही ते इतकं नीट कळलं की त्यानं १९१०मध्ये नाटकावर बंदी घातली.

उलट बाजूचा दाखला नामदेव ढसाळांनी दिला. 'गोलपिठा' १९७२चा. त्यात ढसाळ काही झाकून ठेवत नाहीत. कामाठीपुऱ्याच्या गल्ल्यांत जे बोललं जातं, ते कागदावर येतं. तरीही प्रस्तावना लिहिणाऱ्या विजय तेंडुलकरांसारख्या माणसाला कितीतरी शब्द अडले, आणि त्यांनी ते ढसाळांना विचारून घेतले. गोलपिठ्यावर राहणाऱ्याला जी भाषा रोजची, ती दादर-पुण्याच्या वाचकाला कोड्यासारखी वाटली. कविता अवघड झाली ती वाचक त्या वस्तीत कधी गेलेलाच नसल्यामुळे.

नोकरीला लागल्यावर डॉ. हिंमतराव बावस्करांच्या कामाबद्दल वाचलं. महाड भागात लाल विंचवाच्या दंशानं माणसं दगावत. बावस्करांनी रुग्णांच्या उशाशी बसून लक्षणं टिपली. १९८२ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांचं निरीक्षण छापून आलं, आणि पुढे प्राझोसिन या औषधानं त्यांनी पुष्कळ जीव वाचवले. त्यांच्या लक्षणांच्या यादीत दरदरून सुटणारा घाम आहे, गार पडणारे हातपाय आहेत. ते वाचलं आणि मी उठून एकनाथांची गाथा काढली. तिथंही आधी घामच येतो. मग प्राण कासावीस होतो, मग अंगाची आग होते. विष उतरल्यावरसुद्धा थोडी फुणफुण मागे राहते, आणि ती शमवायला नाथांना आपले गुरू जनार्दनस्वामी लागतात. आमच्या शाळेच्या तक्त्यात या फुणफुणीपुढे काहीच लिहिलेलं नव्हतं. पण राग गिळलेल्या कुणालाही ती ठाऊक असते. भांडण मिटतं, माणसं पुन्हा एका ताटात जेवतात, तरी आत कुठेतरी ठणकत असतं. नाथांना हे सांगता आलं, कारण त्यांनी दंशाचा उतार शेवटपर्यंत पाहिला होता. विंचवाच्या बाबतीत ते चुकले असते, तर क्रोधाच्या बाबतीत त्यांचं कुणी ऐकलं नसतं.

गेली काही वर्षं मी एका दिवाळी अंकासाठी कविता वाचून निवडतो. ढिगानं येतात. क्षितिज, काळोख, पिंपळ, पाखरू यांची रेलचेल असते. पिंपळ कवीनं पाहिलेला नाही, हे दुसऱ्या ओळीत कळतं. दुसरा ढीग सरळ बोलणाऱ्यांचा. त्यात वर्तमानपत्रातलं वाक्य तोडून ओळी पाडलेल्या असतात, आणि तिथंही काही पाहिलेलं नसतं. दोन्ही ढीग वाचताना मला सारखाच त्रास होतो.

यंदा बीड जिल्ह्यातल्या एका मुलीची कविता आली. आईवडील ऊसतोडीला जाणारे. कवितेत उपमा नाही की क्षितिज नाही. दसऱ्याच्या सुमाराला मुकादम दारात येतो, वही उघडतो आणि लिहितो: एक कोयता, इतकी उचल. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. हा हिशेबातला रोजचा शब्द आहे, मुलीनं घडवलेला नाही. पुढच्या कडव्यात आई गरोदर आहे, आणि वहीतला कोयता अर्धा होतो. आमच्या बैठकीत एकानं विचारलं, ही साध्या भाषेतली कविता म्हणायची की प्रतीकाची? मी त्या कडव्याखाली बोट ठेवून ते पुन्हा मोठ्यानं वाचलं. कविता अंकाच्या पहिल्या पानावर गेली.