गिलाफाखालची गर्मी

आमच्या घरी पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा अम्मींनी त्याला गिलाफ शिवला. शिलाई मशीनला होता, टीव्हीला होता, मग या नव्या पाहुण्याला का नको? हिरवी मखमल, कडेला सोनेरी झालर. मॉनिटरला एक, की-बोर्डला एक आणि टेबलाखालच्या डब्याला, ज्याला दुकानदार कॅबिनेट म्हणतात, त्याला एक. हेतू चांगलाच होता. आमचे घर भवानी पेठेत, टिंबर मार्केटच्या अंगाला. दिवसभर लाकडाचा भुसा उडतो. सकाळी पुसलेल्या टेबलावर दुपारी बोटाने नाव लिहून घ्यावे.

आम्ही दोघे घरातच डीटीपीचे काम करतो. निकाहची कार्डे, अकीक्याची आमंत्रणे, शाळांची पत्रके. एका बाजूला उर्दू, दुसऱ्या बाजूला मराठी, अशी कार्डे आपल्याकडे किती लागतात ते वाचकांना सांगायला नको. उर्दूसाठी इनपेज, मराठीसाठी श्रीलिपी. दोन्ही एकाच टेबलावर.

हे टेबल मुळात मरहूम अब्बांचे. ते कातिब होते. बरूची कलम, काळी शाई आणि गुळगुळीत कागद एवढ्यावर त्यांनी चाळीस वर्षे घर चालवले. 1981 मध्ये मिर्झा अहमद जमील यांनी नूरी नस्तालीक तयार केले आणि नस्तालीक यंत्रावर उमटू लागले. 1994 मध्ये इनपेज आले आणि मग हळूहळू अब्बांकडचे काम आटले. त्यांनी आम्हाला कधी बोल लावला नाही. उलट स्टूल ओढून शेजारी बसत आणि पडद्यावरचा चुकलेला नुक्ता दाखवत. त्यांच्या इंतकालनंतर आम्ही त्यांचे लिखाण स्कॅन करायला घेतले. सहाशेच्या आसपास कागद निघाले. रविवार दुपारी, जोहरनंतर, थोडे थोडे करत तीन वर्षांत संपले. मूळ कागद परत ट्रंकेत गेले आणि स्कॅन कॉम्प्युटरच्या दुसऱ्या हार्ड डिस्कवर.

एप्रिल 2019 ची गोष्ट. रमजान 7 मे रोजी सुरू होणार होता. सहर-इफ्तारच्या वेळापत्रकांचे काम अंगावर होते आणि पुण्याचा पारा चाळिशीच्या पुढे गेला होता. वर पत्रा, त्यामुळे खोली भट्टीसारखी. एका रात्री मोठ्या फायली एका डिस्कवरून दुसरीकडे हलवायला लावून आम्ही झोपलो. कॅबिनेटचा लुकलुकणारा दिवा मुलाच्या डोळ्यावर येत होता, म्हणून आमच्यापैकी एकाने त्यावर गिलाफ टाकला. कोणी टाकला यावर आजही एकमत नाही.

फजरला उठलो तर डब्यातून टिक्‌, टिक्‌ असा आवाज. कॅबिनेटची बाजू उघडून डिस्कला बोट लावले तर ते ठेवता येईना. तापमान दाखवणारा एक फुकटचा प्रोग्राम आधीच घालून ठेवला होता, त्यात आकडा होता 58. साध्या घरगुती डिस्कला बनवणारे सहसा 60 अंशांची हद्द सांगतात. म्हणजे आम्ही उंबरठ्यावर उभे होतो.

डिस्क तापते का, ते तेव्हा आम्ही नीट समजून घेतले. आत गुळगुळीत तबकड्या मिनिटाला 7200 वेळा फिरतात आणि त्यांच्यावरून वाचणारी सुई तबकडीला न टेकता, केसाच्या जाडीच्याही कित्येक पट कमी अंतरावरून तरंगते. मोटर आणि खालची सर्किटची पट्टी मिळून उष्णता तयार करतात. ती थोडीच असते, एखाद्या लहान एलईडी दिव्याएवढी वीज ती खाते. पण ही उष्णता बाहेर पडायची वाट म्हणजे डिस्कचे धातूचे अंग. त्या अंगावरून वारा वाहिला तर ठीक. आमच्याकडे ज्याने कॉम्प्युटर जोडून दिला त्याने दोन्ही डिस्क एकावर एक, मधे बोटभरही जागा न सोडता बसवल्या होत्या. केबलींचा गुंता त्यांच्या तोंडाशीच कोंबला होता. आणि समोरच्या बाजूला पंख्यासाठी जाळी होती, पंखा नव्हता. विचारले तेव्हा म्हणाला होता, "लागत नाही भाभी, पुण्याची हवा थंड आहे." दोन डिस्क रजईत एकमेकींना चिकटून झोपलेल्या, आणि वरून आमची मखमल.

गिलाफ काढला, आकडा 53 वर आला. मग खालची डिस्क दोन खाचा खाली सरकवली, केबली बांधून कडेला घेतल्या: 49. तिसऱ्या दिवशी समोरच्या जाळीमागे 120 मिलिमीटरचा पंखा लावला, बाहेरची हवा आत घेणारा, थेट डिस्कवरून जाणारा. मागचा पंखा आधीच हवा बाहेर फेकत होता. दुपारच्या उन्हातही आकडा 43 च्या पुढे गेला नाही. एवढ्यावर खर्च पाचशे रुपयांच्या आत.

सल्ले मात्र भरपूर मिळाले. मामू म्हणाले, बाजू कायम उघडीच ठेवा आणि टेबल फॅन लावा. टेबल फॅनने डिस्क खरोखर गार होते, पण आमच्याकडचा भुसा महिन्याभरात आत गालिचा अंथरील. आणि नुसती बाजू उघडली की समोरून मागे जाणारी हवेची धार फुटते, कधी कधी डिस्कपाशी हवा पोचतच नाही. शेजारच्या भाभींनी पाण्याचा कूलर जवळ सरकवायला सांगितले. दमट वारा माणसाला बरा, सर्किटला नाही. कोणा भाच्याने तर डिस्क फ्रीजरमध्ये ठेवायला सांगितली. आतून बाहेर काढल्यावर स्टीलच्या पेल्यावर जसे थेंब धरतात तसे ते डिस्कवरही धरतात. आम्ही त्याला हात जोडले. एक गोष्ट मात्र कोणी सांगितली नाही आणि ती आम्हाला उशिरा कळली: पंखा काही थंडी तयार करत नाही, उष्णता फक्त वाहून नेतो. खोलीच 38 अंशांवर असेल तर कितीही पंखे लावा, डिस्क त्याखाली उतरणार नाही. म्हणून त्या रमजानमध्ये मोठी कामे आम्ही सहरच्या वेळी करू लागलो. तेव्हा घर जागेच असते आणि पत्राही निवलेला असतो.

याच शहरात पाषाणला आयसर संस्थेत परम ब्रह्म नावाचा महासंगणक आहे. त्याच्या आत नळ्यांमधून द्रव फिरवून थेट उष्णता ओढून घेतात. आम्ही ते वाचले आणि आमच्या पाचशेच्या पंख्याकडे पाहून हसलो.

पण वाचता वाचता एक उलटीच गोष्ट हाती लागली. 2007 मध्ये गुगलच्या लोकांनी आपल्या एक लाखाहून जास्त डिस्कची पाहणी प्रसिद्ध केली. त्यात उष्णता लोक समजतात तितकी गुन्हेगार ठरली नाही. अगदी गार ठेवलेल्या डिस्कही मरत होत्या. फार जास्त तापणाऱ्या आणि वय झालेल्या डिस्कनाच गर्मी ठळकपणे नडत होती. आमची डिस्क पाच वर्षांची होती आणि 58 वर पोचली होती, म्हणून खटाटोप वाया गेला नाही. पण 43 वरची डिस्कही उद्या सकाळी गप्प होऊ शकते, हे त्यातून स्पष्ट होते. त्याच दिवशी दुसरी प्रत करायला हवी होती. आम्ही केली नाही. मूळ कागद ट्रंकेत आहेतच, असे म्हणालो.

ट्रंक आमच्याकडे नव्हती. पत्रा गळतो म्हणून ती फुफींकडे, दांडेकर पुलाजवळ, खालच्या खोलीत ठेवली होती.

25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला. पुण्यात कितीतरी माणसे गेली. फुफींच्या घरचे शेजाऱ्यांच्या माडीवर चढले आणि वाचले; त्यापुढे कागदांचे दुःख बोलून दाखवायचीही लाज वाटत होती. तीन दिवसांनी चिखलातून ट्रंक उघडली. अब्बांची शाई पाण्यात विरघळणारी. सहाशे कागदांची एक काळी वडी झाली होती. फुफी तिच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुमारे उस डब्बे में सब है ना?"

आम्ही हो म्हणालो आणि घरी येईपर्यंत एकमेकांशी बोललो नाही.

त्या रात्री नवी डिस्क आणून प्रत करायला लावली. पंखा चालू असूनही आमच्यापैकी एकजण सारखा कॅबिनेटवर हात ठेवून बसला होता, तापलेल्या मुलाच्या कपाळावर ठेवतात तसा. 39, 40, 41. दीड तासाने शेवटची फाईल उतरली. ती अब्बांच्या हातची अम्मींच्या निकाहची रुका होती; कडेला त्यांनी लहान अक्षरांत शाईचा भाव लिहून ठेवला होता.

ती नवी डिस्क आता कोंढव्याला आपाच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरी असते. दर ईदला ती इकडे येते, नवे काम उतरवून घेते आणि परत जाते. अम्मींनी कॅबिनेटच्या गिलाफातून तिच्यासाठी पिशवी शिवली, झालरीसकट. बंद डिस्क तापत नाही, हे आम्ही त्यांना अनेकदा सांगितले आहे. तरी आपाला फोन करून त्या विचारतातच, पिशवीचे तोंड उघडे ठेवले आहे ना.