जुन्याला जुन्याचंच ठिगळ



बेळगावात जुनी गाडी सांभाळणाऱ्याला दोघांशी झगडावं लागतं: एप्रिल-मेच्या उन्हाशी आणि त्यानंतरच्या चार महिन्यांच्या पावसाशी. पत्रा गंजला तर टिंकरिंगवाला सापडतो. पण आतलं रेक्झिन आक्रसलं, दाराचं पॅड फुगून सुटून आलं, की जो तो एकच सल्ला देतो: फाडून टाका, नवं घाला. मध्यंतरी एका गाडीच्या बाबतीत हा सल्ला आम्ही मानला नाही. त्याची ही हकिकत.

आम्ही म्हणजे आमच्या धर्मग्रामातले तिघे स्वयंसेवक. धर्मशिक्षणाचा वर्ग घेणं, आजारी माणसांना भेटायला जाणं, चर्चच्या मोडक्या खुर्च्या ठोकून देणं ही आमची नेहमीची कामं. गाडीचं काम आलं ते एका काकूंमुळे. त्यांच्याकडे 1984 ची प्रीमियर पद्मिनी आहे. मूळची फियाट 1100 ची बांधणी, 1089 सीसीचं इंजिन, स्टिअरिंगपाशी गिअर. मुंबईच्या रस्त्यांवरून या गाडीची शेवटची काळी-पिवळी टॅक्सी ऑक्टोबर 2023 अखेर निघून गेली. काकूंची गाडी मात्र शेडमध्ये उभी होती. काका होते तोवर दर रविवारी तीन-चार म्हाताऱ्या माणसांना घरून घेऊन मिस्साला आणत आणि परत सोडत. काका गेल्यावर दोन वर्षं ती हलली नाही.

नातीला लग्नाच्या दिवशी याच गाडीतून चर्चला यायचं होतं. मुलाचं म्हणणं, तोवर धड झाली तर ठीक, नाहीतर भंगारवाल्याला देऊ. हातात तीन आठवडे होते. इंजिन एका मेकॅनिकने चालू केलं. आतलं काम दोन ठिकाणी दाखवलं, तर दोन्हीकडे एकच उत्तर: सगळं उतरवून नवं रेक्झिन. काकूंनी बाकी सगळ्याला होकार दिला, पण ड्रायव्हरच्या दाराच्या पॅडवर हात ठेवला. तिथे काकांच्या कोपराने घासून घासून एक उथळ खळगा पडला आहे. "तेवढं राहू दे," एवढंच त्या म्हणाल्या.

शेवटी एक वयस्कर कुशनवाले चाचा तयार झाले. अट एकच: हाताखाली माणसं तुमची.

काचेचं हँडल आणि आर्मरेस्ट काढून पॅड सोडवलं तेव्हा कारण समजलं. गाडीच्या दारात पाणी शिरतंच. काचेवरून ओघळलेलं पाणी रबरपट्टीतून थोडं आत उतरतं आणि दाराच्या तळाच्या भोकांतून बाहेर पडतं. पॅडला ते लागू नये म्हणून मध्ये प्लॅस्टिकचा कागद लावलेला असतो. इथे तो कागद पूर्वीच्या कुठल्या तरी दुरुस्तीत फाटला होता आणि भोकं मातीने बुजली होती. पॅडचा गाभा हार्डबोर्डचा, म्हणजे लाकडाच्या दाबलेल्या तंतूंचा. तो पाणी पीत राहिला, फुगला, वाकला.

वरून रेक्झिनही आटत होतं. रेक्झिन म्हणजे कापडावर चढवलेलं पीव्हीसी. पीव्हीसी मूळचं कडक. त्यात तेलासारखं द्रव्य मिसळून ते मऊ करतात. बंद गाडी वर्षानुवर्षं उन्हात तापली की ते द्रव्य हळूहळू उडून जातं. काचेला आतून जो चिकट, धूसर थर धरतो, त्यात तेही असतं. मग रेक्झिन आखडतं, ताठ होतं आणि जोराने ओढलं की चिरतं.

"आधी पाण्याची वाट," चाचा म्हणाले. आम्ही तारेने भोकं मोकळी केली, नवा प्लॅस्टिकचा कागद चिकटवला. बाकी तीन पॅड नुसतीच वाकली होती. ती किंचित ओलसर करून दोन सपाट फळ्यांमध्ये ठेवली आणि वर विटा रचून आठवडाभर दाबली. ड्रायव्हरच्या पॅडचा हार्डबोर्ड खालून कुजला होता. रेक्झिन त्यावरून बोटाबोटाने सोडवलं, जुन्या बोर्डावरून माप घेऊन नवा कापला आणि त्याला दोन्ही अंगांनी व कडांनाही व्हार्निश दिलं.

आता आटलेलं रेक्झिन त्यावर पुरायला हवं होतं. ते बोटभर कमी पडत होतं. चाचांनी वीतभर अंतरावरून हेअर ड्रायर सतत फिरता ठेवला. मधूनमधून ते हाताची मागची बाजू रेक्झिनला लावून पाहत. ऊब मुरली की थोडं ओढायचं, थांबायचं, पुन्हा ऊब द्यायची. खळग्याजवळ त्यांनी ड्रायर नेलाच नाही. सोल्युशन दोन्ही बाजूंना लावून, बोटाला चिकटेनासं झाल्यावरच दाबलं. दोन संध्याकाळी गेल्या, पण कड पोचली.

एका कोपऱ्यात मात्र दोन बोटं रुंद जुनी चीर होती. आमच्यातल्या एकाने बाजारातून जुळत्या रंगाचा नवा तुकडा आणला. चाचांनी तो परत दिला. "हा अजून आटायचाय. जुनं आटून बसलंय. दोन उन्हाळ्यांत हा ओढणार आणि जोडापाशी जुनं फाटणार." मग त्यांनी मागच्या सीटच्या आडून, त्याच गाडीत चाळीस उन्हाळे काढलेला तुकडा कापला आणि तो लावला.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. जुन्या वस्त्राला कोऱ्या कापडाचं ठिगळ लावू नये, हा प्रभूचा दाखला मत्तय, मार्क आणि लूक तिघांनीही दिला आहे. वर्गात आम्ही तो नव्या जीवनाबद्दल शिकवतो आणि ते खरंच आहे. पण लूककडे आणखी एक गोष्ट येते: ठिगळासाठी नवं वस्त्र फाडलं जातं, आणि तो तुकडा जुन्याला शोभतही नाही. मत्तयच्या द्राक्षारसाच्या दाखल्यात शेवटी दोन्ही टिकतात. जुन्याचीही काळजी त्या दाखल्यात आहे, हे आम्हाला त्या शेडमध्ये नीट दिसलं.

दोन वर्षं काकूंना लोक सांगत होते: गाडी विका, घर बदला, काहीतरी नवीन सुरू करा. सांगणाऱ्यांचं मन चांगलंच होतं. पण काम चाललेलं कळल्यावर, काका ज्यांना मिस्साला नेत त्यांतल्या दोन आजी रिक्षाने शेडमध्ये आल्या. कोण कुठे बसायचं, पावसात गाडी बंद पडली की काका कसे आधी प्रार्थना करत आणि मग बॉनेट उघडत, हे सगळं निघालं. काकू हसल्या आणि मग बराच वेळ रडल्या. आम्ही काहीच बोललो नाही. त्या दोघी तिच्याच वयाच्या, त्याच रविवारांतून आलेल्या. तिथे आमचा कोणताही शब्द कोरा ठरला असता.

लग्न झालं. गाडी चर्चच्या दारात आली. जवळून पाहिलं तर पॅडवर अजून हलकी लाट दिसते. खळगा जसाच्या तसा आहे. मुलगा म्हणाला, पुढचा पावसाळा पाहू. तोवर आमच्यातला एक जण रविवारी ती चालवतो आणि दोन्ही आजी मागे बसून मिस्साला येतात. मागच्या सीटवर अजून एक जागा रिकामी आहे. तुमच्या गल्लीत चालता येत नाही म्हणून घरीच राहणारं कोणी असेल, तर आम्हाला जरूर कळवा.

प्रभू, जे आटलं आहे त्याला हळूहळू ऊब दे, आणि आमच्या हातांना धीर दे. आमेन.