ट्रक घ्यायचा? आधी खांदेश्वरला चला

मंडळी, तुमच्या घरातला मुलगा ट्रक घ्यायचा म्हणतो आहे का? मग इसार देण्याआधी एक दिवस मोकळा काढा आणि त्याला घेऊन खांदेश्वरला या. हार्बर मार्गावर पनवेलच्या अलीकडचे हे स्टेशन. जवळच तळ्याकाठी महादेवाचे देऊळ आहे, त्यावरून हे नाव पडले. पूर्वी हा सारा भाताचा मुलूख होता. 1970 मध्ये सिडको स्थापन झाली, नवी मुंबईसाठी गावोगावच्या जमिनी घेतल्या गेल्या आणि खाचरांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. देवाला हात जोडा, तळ्याकाठी बसून शिदोरी सोडा आणि मग रिक्षाने कळंबोलीला चला.

कळंबोलीला लोखंडाचा मोठा बाजार आहे. जिकडे पाहावे तिकडे ट्रक आणि ट्रेलर. मुंबई-पुण्याचा द्रुतगती मार्ग इथूनच सुरू होतो. मागल्या हिवाळ्यात मी इथे आलो तो भावकीतल्या बापलेकांना घेऊन. ट्रकसाठी दोन एकर गहाण पडणार होते आणि घरात वाद पेटला होता. मुलगा म्हणे, आपोआप गिअर बदलणारी गाडी घेऊ. बाप म्हणे, हाताचा गिअरच बरा. शेवटी चहाच्या टपरीवर बसलेल्या एका जुन्या ड्रायव्हरला विचारले.

तो म्हणाला, "काका, आम्ही शिकलो तेव्हा एका गिअरला दोनदा क्लच दाबायचो. दिवसभर घाट चालवला की डावा पाय रात्री ठणकायचा. आता क्लचचा पायच नाही अशा गाड्या निघाल्यात. वाईट नाहीत. पण तुमची गाडी चालणार कुठं, ते आधी सांगा."

त्याचा प्रश्नच खरा होता. गाडी दोन तऱ्हेची असते, एवढे समजून घ्या. हाताच्या गिअरमध्ये क्लच दाबून दांडा आपण ओढतो. नव्या ट्रकमध्ये बहुधा जो आपोआप गिअर मिळतो, त्यात आतले दातेरी चाक तेच, क्लच प्लेटही तीच. फक्त पायाचे आणि हाताचे काम यंत्र करते. (क्लच प्लेटऐवजी तेलाच्या जोरावर ताकद पुढे देणारा पूर्ण ऑटोमॅटिक गिअर वेगळा. तो वारंवार थांबणाऱ्या शहरी बसला जास्त सोयीचा.)

आता हिशेब पाहा. यंत्र योग्य वेळी गिअर बदलते, म्हणून नवशिक्याच्या हातीही डिझेल वाया जात नाही आणि क्लच प्लेट लवकर जळत नाही. लांबच्या पल्ल्याला, बंदराबाहेरच्या रांगेत, गर्दीत ड्रायव्हर कमी थकतो. आणि थकलेला ड्रायव्हर म्हणजे अपघाताला आमंत्रण. उलट, ही गाडी महाग पडते. बिघाड यंत्राच्या मेंदूत झाला तर फाट्यावरच्या मिस्त्रीचे काम नाही, कंपनीचा माणूस लागतो. बॅटरी उतरली तर धक्का मारून गाडी सुरू होत नाही. उसाच्या फडातून, चिखलातून गाडी काढायची तर हाताचा गिअर आणि सरावलेला पाय अजून उपयोगी पडतो.

पण ड्रायव्हरने खरी गोष्ट सांगितली ती घाटाची. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे 620 मीटर उंच, आणि खोपोली अगदी पायथ्याशी. पुण्याकडून माल भरून येणारी गाडी बोरघाटात एवढी उंची थोड्याच अंतरात उतरते. काही जण डिझेल वाचवायला न्यूट्रल करून गाडी ढिली सोडतात. बापहो, हे म्हणजे उतारावर बैल सोडून भरली बैलगाडी ढकलून देण्यासारखे आहे. बैल जुवाला असतात म्हणून गाडी मागून अंगावर येत नाही. ट्रकचे बैल म्हणजे इंजिन. गिअर काढला की सगळा भार ब्रेकवर येतो. ड्रम तापतात, लायनर जळू लागतात, आणि मग पाय तळाला लावला तरी गाडी थांबत नाही. शिवाय आताच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये असून पाय उचललेला असला की डिझेल जवळजवळ बंदच होते. न्यूट्रलला मात्र इंजिन डिझेल पीत राहते. म्हणजे जीव धोक्यात आणि बचतही नाही.

मुलाने विचारले, "मग आपोआप गिअरवाल्या गाडीला ही भीती नाही ना?"

"आहे की," उस्ताद म्हणाला. "उतारावर पाय उचललास की तिला वाटतं रस्ता सपाट आहे, ती वरचा गिअर टाकू शकते. म्हणून घाटमाथ्यावरच गिअर आपल्या हाती घ्यायचा, खालचा टाकायचा, इंजिनाचा ब्रेक लावायचा. ज्या गिअरनं भरली गाडी चढेल, त्याच गिअरनं उतरायची. मशीनला घाट दिसत नाही, तुला दिसतो."

त्या दोघांनी पुढे काय केले? गावाकडचा ऊस आणि कांदा वाहायचा, मिस्त्री तालुक्याला, म्हणून हाताचा गिअर घेतला. मात्र पोराला आधी सहा महिने एका जाणत्या ड्रायव्हरबरोबर घाटात पाठवले. बापाची ती अट होती, आणि मला ती दोन एकरांहून मोलाची वाटली.

तुमचा पल्ला बंदर ते बंगळूर असेल आणि कंपनीचे वर्कशॉप वाटेवर असेल, तर दुसरी गाडी घ्या, बिनधास्त घ्या. पण सही करण्याआधी तीन गोष्टी विचारा: गाडी कुठल्या रस्त्याने चालणार, बिघडली तर कोण दुरुस्त करणार, आणि घाट उतरताना चाकावर कोण बसणार. तिसऱ्याचे उत्तर ठरल्याशिवाय जमीन गहाण टाकू नका.