तेरेखोलपलीकडचा रुपया

प्रवासाला निघणारा मनुष्य कपडे, औषधें, पुस्तकें यांची यादी करतो. पैशाची गणना मात्र तो सामानांत करीत नाहीं. पैसा जाईल तेथें आपला, अशी त्याची समजूत असते. वास्तविक सरहद्द ओलांडतांच ज्याचें मोल पालटतें असा जिन्नस सामानांत तोच एक! परदेशांत कोट कोटच राहतो, पण नोटेचा कागद होतो.

हें ज्ञान होण्यासाठीं आम्हां मालवणकडच्या लोकांना विलायत गांठावी लागली नाहीं. १९६१ पर्यंत आमचा परदेश तेरेखोलच्या खाडीपलीकडेच होता. अलीकडे आरोंदें, पलीकडे पेडणें. दोन्ही तीरांवर मासळी तीच, दशावतार तोच, सोयरीकहि एकमेकांतच. पण या काठचा रुपया सोळा आण्यांचा, तर त्या काठचा 'रुपिया' सोळा टंगांचा. आणि त्याच्या नोटा काढणारी पेढी लिस्बनची, बांकु नासियोनाल उल्त्रामारिनु. १९५८ सालीं पोर्तुगीज सरकारनें रुपिया मोडून, एका रुपियास सहा या दरानें एस्कुदो आणला. तीन वर्षांनीं गोवा मुक्त झाला, तेव्हां एस्कुदोहि गेला. पेडण्याच्या मनुष्यानें घरचा उंबरठा न सोडतां तीन चलनांचा प्रवास केला. याच पेढींत गोमंतकीयांनीं गहाण ठेवलेले दागिने १९६१ सालीं लिस्बनला रवाना झाले. ते परत आले १९९१ सालीं. तीस वर्षांत सोन्याचें मोल वाढलें खरें, पण तें कितीजणींच्या गळ्यांत पुनः पडलें असेल?

चाकरीसाठीं आखातांत गेलेल्या कोंकणी माणसाचा अनुभव निराळा नाहीं. एके काळीं कुवेत, बहरीन येथें भारतीय रुपयाच चालत असे. त्या रुपयांवर तेथें सोनें घेऊन तें चोरून इकडे आणीत, आणि तिकडे जमलेल्या नोटांचे पौंड रिझर्व्ह बँकेला मोजावे लागत. म्हणून १९५९ सालीं आखातासाठीं वेगळ्या रंगाच्या नोटा निघाल्या. त्या भारतांत चालत नसत. पुढें ६ जून १९६६ रोजीं रुपयाचें अवमूल्यन झालें आणि ४.७६ रुपयांचा डॉलर ७.५० रुपयांवर गेला. दुबई व कतार यांनीं त्याच वर्षीं त्या रुपयाला रजा दिली. राबणाऱ्याचा घाम तोच राहिला. मोल मात्र एका रात्रींत उतरलें.

गेल्या वर्षीं माझा एक विद्यार्थी लिस्बनलाच शिकावयास निघाला. तेथला एस्कुदोहि २००२ सालीं युरोंत विरून गेला आहे. मुलाचे वडील मच्छीमार. होडी गहाण टाकून त्यांनीं कर्ज काढलें. पूर्वीचा परवान्यांचा जाच आतां राहिलेला नाहीं. २००४ सालीं माणशीं २५,००० डॉलर बाहेर पाठविण्याची मोकळीक मिळाली. ती मर्यादा आतां वर्षाला २,५०,००० डॉलरांवर गेली आहे. परंतु कर्ज रुपयांत आणि फी युरोंत, हा पेंच कोणत्याहि मोकळिकीनें सुटत नाहीं. रुपया घसरला कीं तेवढ्याच फीसाठीं अधिक रुपये उभे करावे लागतात.

"सर, हे पैशे बदलूचे कधी?" वडिलांनीं विचारलें. मीं सांगितलें, "उद्यांचा दर मला कळतो असें म्हणणाऱ्यावर विसंबूं नका. फी लागेल तसतसे हप्त्याहप्त्यानें बदला." ते हंसून म्हणाले, "म्हणजे एकाच जाळ्यार भरवसो नको!" अर्थशास्त्राचा हा धडा त्यांना समुद्रानें केव्हांच दिला होता.

मुलाला मीं इतकेंच सांगितलें: थोडी रोकड दोन ठिकाणीं ठेव. दुकानांतल्या यंत्रानें 'रुपयांत देतां कीं युरोंत?' असें विचारलें तर युरो म्हण. रुपये म्हटलेस कीं दर दुकानदाराकडची पेढी ठरविते, आणि तो बहुधा महागच पडतो. रोजचा खर्च युरोंत लिही, पण महिनाअखेर बेरीज रुपयांत कर. म्हणजे होडी डोळ्यांपुढें राहील.