पाण्याखालचं कुरण

नंदुरबारच्या माणसाने समुद्राबद्दल लिहू नये असा काही नियम नाही, पण असता तरी मी वाद घातला नसता. आमच्याकडे मिरची आहे, सातपुडा आहे, उत्तरेला नर्मदा आहे, मधून तापी जाते. समुद्र बघायचा तर गाडीत बसून सुरतच्या पुढे जावं लागतं. तरीही या वीकेंडचा विषय समुद्रातलं गवत. इलाज नाही, दोन आठवडे डोक्यात तेच आहे.

तर झालं असं की टीमबरोबर अंदमानला गेलो होतो. हॅवलॉकला (आता स्वराज द्वीप) स्नॉर्केलिंग करताना खाली हिरवंगार काहीतरी डुलताना दिसलं. वारा सुटल्यावर गव्हाचं शेत हलतं ना, तसंच. मी थांबलो. गाइड म्हणाला, "यहाँ कुछ नहीं है सर, सिर्फ घास है. कोरल आगे है." आणि सगळे पुढे गेले.

सिर्फ घास! परत आल्यावर वाचायला बसलो.

पहिली गोष्ट म्हणजे ते शेवाळ नव्हे. शेवाळाला खरी मुळं नसतात, फुलं येत नाहीत. याला मुळं, खोड, पानं, फुलं, फळं, बिया सगळं आहे, आणि परागीभवनसुद्धा पाण्याखालीच. साधारण १० कोटी वर्षांपूर्वी, म्हणजे डायनोसॉरच्या काळात, जमिनीवरून आलेल्या फुलझाडांच्या काही वंशजांनी समुद्रात बस्तान बसवलं. जगात यांच्या जाती जेमतेम ६०-७०. गंमत म्हणजे हे आपल्या ज्वारी-बाजरीच्या कुळातलं गवत नाहीच. यातल्या काही जाती हायड्रिलाच्या कुळातल्या. हायड्रिला आठवतंय? शाळेत बीकरमध्ये ठेवून, वर नरसाळं आणि परीक्षानळी उपडी घालून, बुडबुडे मोजायचा तो प्रयोग? शहाद्याच्या शाळेत मी ज्याचे बुडबुडे मोजले, त्याचे चुलतभाऊ अंदमानात भेटले म्हणायचे.

घरी फोनवर हे सगळं उत्साहाने सांगितलं. आबांनी (माझे आजोबा, सगळं आयुष्य शेती आणि गुरांत गेलं) शांतपणे ऐकलं आणि एकच प्रश्न विचारला, "गवत आहे, मग चरतं कोण?"

इतकं नेमकं मला सुचलं नव्हतं.

चरतो तो डुगाँग, म्हणजे समुद्रगाय. दिवसाला ३०-४० किलो गवत लागतं. आबा म्हणाले, "म्हणजे आपल्या म्हशीएवढं." आपल्या देशात आता सुमारे २०० डुगाँग उरले असावेत: कच्छच्या आखातात, तामिळनाडूच्या किनाऱ्याला आणि अंदमान-निकोबारमध्ये. तामिळनाडूने सप्टेंबर २०२२ मध्ये पाल्कच्या उपसागरात ४४८ चौरस किलोमीटरचं देशातलं पहिलं डुगाँग संवर्धन क्षेत्र जाहीर केलं. डुगाँग वाचवायचा म्हणजे आधी त्याचं कुरण वाचवायचं, इतका साधा हिशोब.

चरणारं दुसरं जनावर म्हणजे हिरवं कासव, आणि इथे गोष्ट गुंतागुंतीची होते. लक्षद्वीपच्या अगत्ती बेटाच्या उथळ पाण्यात या कासवांची गर्दी झाली आणि त्यांनी गवत पार बुडख्यापर्यंत खाल्लं. ते संपल्यावर मोर्चा पुढच्या बेटाकडे. नेचर कन्झर्वेशन फाउंडेशनच्या संशोधकांनी हे वर्षानुवर्षं मोजलं आणि २०२१ मध्ये मांडलं की एकेक करत अख्ख्या बेटसमूहातली कुरणं अशीच उजाड झाली. गवत गेलं, त्यात वाढणारी मासोळी गेली, कोळ्यांची जाळी रिकामी यायला लागली. ते कासवांवर चिडले. कासवाला कायद्याचं संरक्षण आहे, गवताची दाद कुणी घ्यायची?

आबांना यात काहीच नवल वाटलं नाही. चराईबंदी नसेल तर कुरण टिकत नाही, हे त्यांच्या लेखी उघड आहे. समुद्रात ही बंदी एके काळी शार्क घालायचे असं मानतात. ते आपण मारून संपवत आणले.

आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर कोरल हा फ्रंटएंड आहे. सगळे त्याचेच स्क्रीनशॉट काढतात. गवत म्हणजे बॅकएंड. माशांची पिल्लं तिथे लपतात, मुळं वाळू धरून ठेवतात, पानं लाटांचा जोर मोडतात, पाण्यातला गाळ खाली बसवतात. समुद्रतळाचा ०.२ टक्क्यांपेक्षाही कमी भाग या गवताखाली आहे, पण समुद्रात दरवर्षी जो सेंद्रिय कार्बन गाडला जातो, त्यातला सुमारे १० टक्के या कुरणांत जातो असा एक अंदाज आहे. सर्व्हर डाउन होईपर्यंत बॅकएंडवाल्याला कोण विचारतं! २००९ मध्ये जगभरची आकडेवारी एकत्र केली तेव्हा कळलं, की १८७९ पासून माहीत असलेल्या कुरणांपैकी २९ टक्के गेली.

मारण्यासाठी फार काही करावंही लागत नाही. याला उजेड हवा, पृष्ठभागावर पडतो त्याच्या साधारण १० टक्के तरी. पाणी गढूळ झालं की खेळ खलास. ट्रॉलरची जाळी आणि बोटींचे नांगर मुळासकट उपटतात ते वेगळंच. आमच्या शेतातली माती आणि खत घेऊन तापी खंभातच्या आखातात जाते. तिथलं पाणी प्रचंड भरती-ओहोटीने मुळातच इतकं गढूळ, की हे गवत रुजणं अवघड. पण नद्या सगळीकडेच शेतातून येतात.

आता जे खरं लिहायचं होतं ते. आमच्या जिल्ह्यात 'पाण्याखाली' या शब्दाचा अर्थ एकच. सरदार सरोवराने अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांतली ३३ गावं बाधित झाली. होस्टेलवर माझा रूममेट त्यातल्याच एका गावचा. कुणी गाव विचारलं की म्हणायचा, "आहे, पाण्याखाली." पत्ता सांगावा तितक्या सहज. तो सांगायचा, की मोजणीला माणसं आली तेव्हा घर मोजलं, नावावरची जमीन मोजली. पण नदीकाठची गाळपेर, जिथे पाणी ओसरलं की पेरायचं, ती कुणाच्या खात्यात? गुरं चरायची तो उतार, रोजचे मासे? यांचा सातबारा नव्हता, म्हणून ते कागदावर नव्हतंच. कागदावर नव्हतं म्हणून गेलंही नाही!

समुद्रतळालाही सातबारा नसतो. अगत्तीचा कोळी 'आमचं गवत गेलं' म्हणून कुठल्या टेबलावर अर्ज देणार? नकाशावर दोन्हीकडे एकसारखा निळा रंग. रूममेटच्या गावाचं आणि या गवताचं दुःख एकच आहे असं मला म्हणायचं नाही, माणसं उठवणं ही वेगळी गोष्ट आहे. पण न मोजण्याची आपली पद्धत मात्र तीच.

असो. आपल्याकडेही हे गवत आहे, बरं का. कोकण-गोव्याच्या खाड्यांत, खारफुटीच्या कडेच्या चिखलात, हॅलोफिला बेकारी नावाची चिमुकली जात मिळते. पानं जेमतेम सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरची. जगात ती धोक्यातल्या यादीत आहे आणि बघणाऱ्याला नुसता चिखल वाटतो, त्यामुळे भराव टाकायला सोपी जागा. दिवाळीनंतर मित्रांबरोबर गोव्याला जायचं ठरतंय. बाकीचे बीचवर असतील. मी ओहोटीची वेळ बघून मांडवीच्या काठाला जाणार आहे. कुणी पणजीकर वाचत असेल तर चिखलात कुठल्या बाजूने उतरायचं तेवढं सांगा.